प्रति: हतनूरला सॅल्मनची पद्धत?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सॅल्मनसाठी करतात तसं शिशाच्या गोळ्याने गळ खोल सोडून बोट हळूहळू चालवत ठेवायची, ही इथे कुणीतरी केलेली सूचना आपल्या हतनूर धरणाला निरुपयोगी आहे. तिकडचा चिनूक (सॅल्मनची एक जात) हेरिंग या लहान माशाचा पाठलाग करतो. आपला कटला बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. पळत्या आमिषामागे ते कशाला धावतील? कटला-मृगळासाठी होडी एका जागी बांधा, पिठाचा गोळा लावा आणि गप्प बसा (हेच आपल्या मंडळींना जमत नाही!). मरळ मात्र शिकारी. तो काठच्या पाणवनस्पतींत सापडेल, तिथे होडीही नको. तिकडची एक गोष्ट जरूर उचला: सॅल्मनला बिनकाट्याचा (टोकाशी उलटा दात नसलेला) गळच लागतो, तसा नियम आहे. सोडलेला मासा जगायची शक्यता वाढते. आणि धरणातल्या मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला आधी विचारा.