शब्दचर्चा: काळप्रवासी आणि त्याचा सोबती

प्रश्न
कॉलेजच्या गटासाठी पंधरा मिनिटांची विज्ञान-श्रुतिका लिहितेय. एक माणूस भविष्यातून निघतो आणि १९१२ सालच्या कोल्हापुरात उतरतो, खासबागेचं कुस्ती मैदान नवंकोरं आहे तेव्हा. बरोबर एक शाळकरी मुलगी आहे. त्याला कालप्रवासी म्हणू की कालयात्री? आणि ती त्याची कोण? इंग्रजीत ‘कंपॅनियन’ म्हणतात. ‘सहचरी’ नको हे नक्की, त्याचा अर्थ बायको होतो.

उत्तर
ताई, ‘कालप्रवासी आला’ हे मोठ्यानं म्हणून बघा. ऐकणाऱ्याच्या कानावर ‘काल प्रवासी आला’ असंच पडतं, म्हणजे कुणी वाटसरू आदल्या दिवशी येऊन गेला. छापील कथेत शब्द जोडून लिहिलेला दिसतो, तिथं घोटाळा होत नाही. श्रुतिकेत सगळी भिस्त कानावर. म्हणून ‘काळप्रवासी’ घ्या. ‘काळ’ला मरणाची छटा आहे, ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ असं आपण म्हणतोच; पण जिवावर बेतणाऱ्या साहसात ती छटा मला उपयोगाचीच वाटते. ‘यात्री’ मात्र टाळा. यात्रा म्हटलं की कोल्हापूरकराला चैत्रातला जोतिबाचा डोंगर, गुलाल आणि सासनकाठ्या दिसतात.

आता ती मुलगी. १९६३ साली बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही काळप्रवासाची मालिका सुरू झाली, तेव्हा डॉक्टर या काळप्रवासी नायकाबरोबर निघाले ते त्याची नात आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक: विज्ञान शिकवणारे सर आणि इतिहास शिकवणाऱ्या बाई. या तिघांनाही पुरेल असा शब्द हवा. ‘जोडीदार’ म्हटलं की लग्नाची जाहिरात आठवते. ‘साथीदार’ बातम्यांमध्ये आरोपीचे असतात. ‘सहप्रवासी’ एसटीत शेजारच्या सीटवर बसलेलाही असतो. ‘सांगाती’ फार गोड, पण अभंगातला. शाळकरी मुलीच्या तोंडी तो जड होईल.

माझं मत ‘सोबती’ला. घरात बाई एकटी असली की शेजारची पोर रात्री ‘सोबतीला’ झोपायला येते. तिच्याकडून कामाची अपेक्षा नसते, तिचं असणंच पुरतं. ज्याला कुठल्याच सालात आपलं घर नाही, त्याला नेमकं हेच हवं असतं. शिवाय ‘सोबत’ या शब्दात नातं, वय, स्त्री-पुरुष काहीच ठरत नाही.

आणखी एक मत
सरळ ‘टाइम ट्रॅव्हलर’ म्हणा की. पोरांना कळतं.

उत्तर
कळतं, मान्य. पण जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. त्या गावात तरी विज्ञानकथेला मराठी शब्द परका वाटू नये. मुलगी हवं तर म्हणू दे टाइम ट्रॅव्हलर, ती आजच्या काळातली असेल तर तिच्या तोंडी शोभेल. निवेदकानं ‘काळप्रवासी’च म्हणावं.

कोल्हापुरातून
१९१२ सालचा आमचा माणूस यातलं काहीच म्हणणार नाही. अनोळखी दिसला की तो विचारणार, ‘पावणं, कुठलं?’ उत्तरात गावाचं नाव द्यायचं असतं. तुमचा प्रवासी गडबडीत साल सांगून बसला, तर एका वाक्यात सगळी गोष्ट उभी राहील. मग पुढचा प्रश्न, ‘आनि ही पोर कोन तुमच्या संगं?’ सोबतीला आमच्या बोलीत हा ‘संगं’ पुरतो.

आणखी एक. ‘परवा’चा पुरेपूर वापर करा. ‘परवा आलो’, ‘परवा येतो’: शब्द एकच, क्रियापद येईपर्यंत मागचा की पुढचा ते कळत नाही. ‘तेरवा’चंही तसंच. मुलीचं वाक्य ‘अहो, परवा इथंच...’ एवढ्यावर तोडा आणि मैदानातला गलका वर आणा. संकट येऊन गेलंय की अजून यायचंय, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ही सोय इंग्रजीत नाही, तिथं दोन दिवसांना दोन वेगळ्या रचना लागतात.

प्रश्नकर्ती
‘परवा’ घेतला! पहिल्याच प्रसंगात घालते. निवेदनात काळप्रवासी आणि सोबती, संवादात पावणं आणि संगं. जाहिरातीत ‘नभोनाट्य’ लिहावं का?

उत्तर
नभोनाट्य रेडिओवरून प्रसारित होणाऱ्याला शोभतं, त्यात नभ आहे. तुमचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकलं जाणार, तेव्हा श्रुतिकाच ठेवा.