पहिली कादंबरी : संपादन कुणाकडून करून घ्यावं? (बजेट २५ हजार)

डबलबेल
नमस्कार मंडळी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, कराड आगार. गेल्या वर्षी रिटायर झालो. २०२१-२२ च्या संपात घरी बसून होतो तेव्हा एक कादंबरी लिहायला घेतली, ती आता पुरी झाली. २०० पानी सात वह्या. नाव ‘मुक्कामी’. रोज रात्री मी वाचायचो, फोन ऐकून टाईप करायचा आणि मुलगी त्याच्या चुका काढायची. ८२ हजार शब्द भरले. फोननं ‘वेबिल’चं (कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाचा कागद) सगळीकडं ‘वेब बिल’ केलंय आणि ‘डबल बेल’चं ‘डबल तेल’. ते निस्तरणं चालू आहे.

प्रश्न एवढाच : प्रकाशकाकडं पाठवण्याआधी कुणाकडून तरी संपादन करून घ्यावं म्हणतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासणारा नको, काय ठेवावं आणि काय काढावं ते तोंडावर सांगणारं माणूस पाहिजे. असं माणूस कुठं मिळतं, किती घेतं? २५ हजार बाजूला काढलेत. वर एक रुपया नाही, घरात तसं कबूल केलंय.

अण्णा_सांगलीकर
अभिनंदन मास्तर! माझ्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, चौथी प्रेसमध्ये. अनुभवातून सांगतो, संपादन-बिंपादन काही लागत नाही. नेमाड्यांची ‘कोसला’ पंधरा-सोळा दिवसांत लिहून झाली होती. माझी दुसरी एकवीस दिवसांत झाली. एकदा उमटलं ते उमटलं, हात लावला की मातीचा वास जातो. पैसे मुखपृष्ठावर घाला. माझ्या तिसरीचं मुखपृष्ठ बघून लोक अजून चित्रकाराचा नंबर मागतात.

कागदी_होडी
मुखपृष्ठाचंच विचारतात का हो अण्णा?

न्यूजर्सीकर
इकडे हे सगळं फार व्यवस्थित असतं. आधी रचनेचं संपादन, मग वाक्यावाक्याचं, मग प्रूफ, तिन्हीला वेगळी माणसं. माझ्या इंग्रजी कादंबरीसाठी मी रचनेच्या संपादिकेला शब्दाला दोन सेंट दिले. तिने अकरा पानांचं पत्र पाठवलं, वाचून दोन दिवस जेवलो नाही, पण पैसे वसूल. तुम्हीही तसंच करा. आणि वह्या सोडा, स्क्रिव्हनर हे लेखनाचं सॉफ्टवेअर घ्या.

डबलबेल
शब्दाला दोन सेंट म्हणजे माझे १,६४० डॉलर झाले. आमची ग्रॅच्युइटी घराच्या स्लॅबमध्ये गेली साहेब.

रफार
धागाकर्त्यांनी ‘प्रकाशकाकडं’, ‘कुठं’ असं लिहिलं आहे. कादंबरीतही असंच असेल तर संपादकाआधी शुद्धलेखनाचं पुस्तक विकत घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून आहेत, १९७२ ला चार वाढले, एकूण अठरा. एका दुपारी वाचून होतात. स्वस्त आणि मस्त.

सुखवस्तू
माझी कथा ऐका आणि शहाणे व्हा. एका प्रकाशकाने ‘तुमच्यात ताकद आहे’ म्हणून फोन केला. पॅकेज १ लाख १० हजार. त्यात संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), प्रकाशन समारंभ आणि ५०० प्रती. संपादन म्हणजे काय केलं? प्रत्येक प्रकरणाला एक सुविचार चिकटवला. समारंभाला हॉलचं भाडं मी दिलं, पेढे मी आणले, पाहुण्यांच्या गाडीचं पेट्रोल मी भरलं. आज ३८० प्रती दिवाणाखाली आहेत. पाहुणे आले की बायको म्हणते, बसताना जपून, खाली साहित्य आहे.

पेठकर
+१ सुखवस्तू. आणि आयएसबीएनचे पैसे कुणालाही देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, ऑनलाईन अर्ज असतो. माझ्याकडून एकाने तीन हजार घेतले होते, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

छपाईचं सांगतो, अप्पा बळवंत चौकात माझी अर्धी हयात गेली. ८२ हजार शब्द म्हणजे डेमी साइजमध्ये साधारण २९० पानं. छपाईत सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फॉर्म, म्हणजे अठरा फॉर्म = २८८. तुमची पानं २८९ झाली तर एका पानापायी पुढचा फॉर्म उघडावा लागतो. तेव्हा दोन पानं काढाच. कागद सत्तर जीएसएम, नॅचरल शेड, पांढरा शुभ्र नको, डोळ्यांना त्रास होतो. शंभर प्रती काढणार असाल तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट. चिकटवलेली बांधणी घेऊ नका, शिलाई घ्या. माझ्या पहिल्या पुस्तकाची पानं संमेलनाच्या मांडवातच गळायला लागली, लोक चुरमुऱ्याच्या कागदासारखी उचलून देत होते.

डबलबेल
माहितीबद्दल आभारी आहे. पण मी अजून छपाईपर्यंत आलेलोच नाही. संपादनाचं कुणी सांगेल का?

मिनूताई
माझा दीर प्रेसमध्ये आहे, विचारून सांगते.

कागदी_होडी
मी बावीस वर्षं मुद्रितशोधन करते, अधूनमधून संपादनही. दर माणसागणिक बदलतो म्हणून इथे आकडा टाकत नाही. पण कुणालाही अख्खी कादंबरी देऊ नका. आधी दहा पानांचं काम करून मागा आणि त्याचे पैसे द्या. संपादक तुमची वाक्यं स्वतःसारखी करायला लागला तर तिथूनच नमस्कार. चांगला संपादक पानाच्या कडेला प्रश्न जास्त लिहितो, दुरुस्त्या कमी.

आणि मास्तर, पहिल्या पानावरचं थोडं आणि मधलं थोडं इथे टाका. न बघता सगळे सल्ले देतोय आम्ही.

डबलबेल
टाकतो. हसू नका.

पहिलं पान : “आमच्या घराण्याचे मूळ पुरुष साताऱ्याकडून आले असे सांगतात. त्यांना तीन मुलगे झाले. मधला तो आमच्या आबांचा पणजा. आबा हे आमच्या भावकीतले पहिले मॅट्रिक. त्यांच्या स्वभावाचे अनेक पैलू होते. त्यातील काही पैलूंचा येथे परामर्श घेणे उचित ठरेल.”

पान ६१ : “शेवटचा माणूस उतरला तेव्हा साडेनऊ झाले होते. गावात लाईट नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि एकदम बेडकांचा आवाज आला, इतका वेळ ते कुठं होते कुणास ठाऊक. मी बॅटरीच्या उजेडात ट्रे मांडीवर घेऊन सुटे मोजायला बसलो. सात रुपये कमी. परत मोजले. सातच कमी. ड्रायव्हर म्हणाला, ‘मास्तर, भाकरी खा आधी, सात रुपये कुठं पळत्यात.’ पण मला कुंभार्ली घाटात उतरलेली ती बाई आठवली.”

रफार
पहिला उतारा निर्दोष आहे. दुसऱ्यात ‘ड्रायव्हरनं’ हवं की ‘ड्रायव्हरने’, ते एकदा ठरवा. ‘पळत्यात’ हे क्रियापदच नाही.

कागदी_होडी
रफारराव, संवादात बोलल्यासारखं लिहायला तुमचे अठरा नियमही आडवे येत नाहीत. तो ड्रायव्हर ‘सात रुपये कोठे पळून जात आहेत’ असं म्हणाला तर प्रवासी उतरून चालत जातील.

मास्तर, आता खरं सांगते. तुमची कादंबरी पान ६१ वर सुरू होते. पहिल्या पानावर तुम्ही खुर्चीत ताठ बसून लिहिलंय, ‘परामर्श’, ‘उचित’, कुणीतरी सत्काराला बोलावल्यासारखं. दुसऱ्या उताऱ्यात तुम्हाला सात रुपयांची काळजी आहे, म्हणून मलाही आहे. ती बाई कोण? हे मी विचारलं ना, बस, तेवढंच पाहिजे असतं.

त्यातही दोन गोष्टी. ‘इतका वेळ ते कुठं होते कुणास ठाऊक’ काढून बघा. बेडूक एकदम ऐकू आले यातच ते आलं. आणि ‘परत मोजले. सातच कमी.’ याला कुणालाही हात लावू देऊ नका.

अण्णा_सांगलीकर
बेडकांचं वाक्य काढू नका! तेच तर सगळ्यांत सुंदर आहे. मी म्हटलंच होतं, संपादन म्हणजे कत्तल.

चष्मेबद्दूर
मला दोन्ही आवडले. अवांतर : कुंभार्ली घाटातल्या त्या वळणावरच्या वड्याच्या गाडीबद्दल कादंबरीत काही आहे का?

जुनापुराणा
पूर्वी हे विचारायची वेळ यायची नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखी माणसं हस्तलिखितावर महिनोन्‌महिने बसायची. ‘सत्यकथा’ १९८२ ला बंद पडलं आणि ती परंपराच आटली. आता प्रकाशक थेट विचारतात, किती प्रती विकत घ्याल?

सुखवस्तू
मला दोनशे विचारल्या होत्या. पॅकेजच्या वर.

जुनापुराणा
अर्थात ‘सत्यकथे’तून कथा साभार परत आलेल्यांचं मत वेगळं असायचं. माझ्या चार आल्या होत्या.

ग्रंथपालीण
तालुक्याच्या वाचनालयात आहे. कादंबरी परत आली की आत खूण म्हणून काहीतरी राहिलेलं असतं, बहुतेक वेळा एसटीचं तिकीट. ते कुठल्या पानात आहे ते मी नेहमी बघते. जाड कादंबऱ्यांत ते तीस-चाळीसाव्या पानापुढे क्वचित जातं. तुमचे आबा साठ पानं चालतात, म्हणून सांगितलं.

पेठकर
साठ पानं काढलीत तर चौदा-पंधरा फॉर्ममध्ये बसेल. कागदात केवढा फरक पडेल बघा.

वकिलीण_बाई
संपादनाचं मला कळत नाही, पण कुणी न सांगितलेलं सांगते. प्रकाशक मिळाला तर करार लेखी करा. स्वामित्वधन (रॉयल्टी) छापील किमतीवर किती टक्के, एका आवृत्तीत किती प्रती, हिशेब वर्षातून कधी मिळणार, हे आकड्यांत हवं. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क एकाच ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून देऊ नका. पुस्तक अमुक वर्षं बाजारात नसेल तर हक्क परत, हे कलम मागा. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, तुमच्यानंतरही साठ वर्षं वारसांकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही, करायचीच तर साहित्यकृतीला सरकारी फी पाचशे रुपये आहे. त्यासाठी पाच हजार मागणारे भेटतील.

न्यूजर्सीकर
छापायच्या भानगडीत पडताच कशाला? किंडलवर मराठी चालतं, एक पैसा लागत नाही.

डबलबेल
माझ्या वाचकांतल्या निम्म्यांकडं बटणांचा फोन आहे.

पेठकर
आधी मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते सांगा. युनिकोड असेल तर तसाच राहू द्या. माझी फाइल डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये नेली आणि परत आणली. २१४ पानांत ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘वाऱ्या’चं ‘वार्या’. छापून झाल्यावर दिसलं. समीक्षकाने लिहिलं, लेखकाने भाषेचे नवे प्रयोग केले आहेत.

मिनूताई
दीर म्हणतो लग्नपत्रिका करतात फक्त.

एक_वाचक
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात आली की अटी बघून अर्ज करा. छपाईचा भार हलका होतो.

अण्णा_सांगलीकर
अनुदानाचं पुस्तक म्हटलं की लोक नाक मुरडतात. माझं तिसरं स्वखर्चाने आहे, ताठ मानेने.

एक_वाचक
अण्णा, तुमच्या तिसरीच्या किती प्रती गेल्या?

अण्णा_सांगलीकर
साहित्य मोजत नसतात.

कागदी_होडी
मास्तर, सारांश : आबा काढा, पान ६१ पासून सुरू करा, दोन महिने वह्या कपाटात ठेवा, मग एका बैठकीत मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य लांब आहे. एवढं करून मग संपादक शोधा. मी दहा पानं करून देईन, त्याचे पैसे घेईन.

ग्रंथपालीण
+१, आबा काढा.

चष्मेबद्दूर
+१. पण आबांची वेगळी कादंबरी होईल.

सुखवस्तू
आबा काढा. आणि दिवाण मोजून घ्या.

डबलबेल
(तीन आठवड्यांनी) मंडळी, उशिरा लिहितोय, भातकापणी होती. सगळे प्रतिसाद मुलीनं वाचून दाखवले.

प्रकाशकाकडं अजून पाठवलं नाही. संपादकही शोधला नाही. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पंधरा प्रती काढल्या, ए-४ वर दोन्ही बाजूंनी, स्पायरल घालून. एकूण ३,६७५ रुपये झाले, पावती आहे. आठ प्रती आबांसकट, सात आबांशिवाय, सरळ पान ६१ पासून. कुणाला कुठली दिली ते वहीत लिहिलंय, त्यांना सांगितलं नाही. सहा रिटायर ड्रायव्हर, पाच कंडक्टर, एक कँटीनवाला, आगारातल्या दोन बाया आणि आमची मंडळी.

ग्रंथपालीणबाईंचं वाचून नातीला रंगीत कागदाची तिकिटं कापायला लावली. प्रत्येक प्रतीत एक ठेवलं. सांगितलं, जिथं कंटाळा येईल तिथं तिकीट घालून प्रत परत आणा, भीड धरू नका. आतापर्यंत चार आल्या. दोन आबांसकटच्या, तिकीट पान १८ आणि पान २३. एक आबांशिवायची, शेवटपर्यंत वाचलेली, वर एका ड्रायव्हरनं पेन्सिलीनं लिहिलंय, घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी चढत नसते, सुधारा. चौथी आमच्या मंडळींची. ती पण आबांसकटचीच, पण त्यात तिकीटच नाही. विचारलं तर म्हणाल्या, आबांचंच तेवढं वाचलं, बाकी सगळं मला माहीतच आहे.

तेव्हा आबांचं अजून ठरवलेलं नाही. बेडकांचं वाक्य काढलं. दुसऱ्या दिवशी परत घातलं. उरलेले पैसे घरी जमा केलेत.

रफार
‘बाया’ नव्हे, ‘बायका’.

कागदी_होडी
बाकीच्या अकरा आल्या की सांगा. आणि ती घाटातली बाई कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

पुणेरी_पगडी
धागा आत्ताच पाहिला, प्रतिसाद वाचले नाहीत. माझ्या ओळखीत एक उत्तम संपादक आहेत, चाळीस हजार घेतात. बजेट किती आहे तुमचं?