सर्क्युलर सॉ घेऊ की मार्बल कटर? फ्लॅटमध्ये प्लाय कापायचाय

सिंहगडरोडवाला
नमस्कार मंडळी. पुस्तकांसाठी भिंतभर रॅक करायचाय, १८ एमएमचा प्लाय, आठ बाय चारच्या तीन शीट लागतील असा हिशोब निघतोय. मिस्त्रीने मजुरीचा आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली तूच कर, तुला नाहीतरी हौस आहेच. आता प्रश्न मशीनचा. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू आहे तिथे डोकावलो तर त्यांचा मिस्त्री चार इंची मार्बल कटरला दातेरी ब्लेड लावून सगळा प्लाय त्याच्यावरच कापतोय, खाली उकिडवा बसून, पायाच्या अंगठ्याने शीट दाबून धरून, चष्मा नाही काही नाही. विचारलं तर म्हणे साहेब मोठ्या सॉच्या नादी लागू नका, त्याचा गार्ड मधेमधे येतो, हा हलका आहे, एका हाताने चालतो आणि स्वस्तात येतो. ऑनलाइन सात इंची सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची, हातात धरून चालवायची करवत) बघून ठेवलाय, १४०० वॉटचा. मी आजवर ड्रिल सोडून काहीही चालवलेलं नाही. दोन्हीपैकी काय घेऊ? आणि एकट्याने बाल्कनीत एवढी शीट कापणं जमेल का? तिथे सहा अँपिअरचा पॉइंट आहे. बोटं दहाच्या दहा ठेवायची आहेत.

टूलरूम_निवृत्त
मार्बल कटर लाकडासाठी घेऊ नका. मी भोसरीत टूलरूममध्ये उभी हयात काढली त्यामुळे थोडं लांबण लागेल, सवय आहे.

मार्बल कटर दगड-फरशीसाठी बनवलेला असतो, त्याच्या डायमंड चकतीला दात नसतात, ती घासत घासत कापते. त्यामुळे त्याला फक्त वरून अर्धं झाकण, खालची बाजू उघडीच. त्याच मशीनवर दातेरी ब्लेड चढवलं की ते घासत नाही, चावतं, आणि चावणाऱ्या ब्लेडला जो खालून आपोआप मिटणारा गार्ड लागतो तो तिथे नाहीच. तुमचा मिस्त्री जो गार्ड मधेमधे येतो म्हणतो तोच हा. कट संपला, मशीन उचललं की सर्क्युलर सॉचा गार्ड स्प्रिंगने खटकन मिटतो. मार्बल कटरचं ब्लेड मात्र उघडंच फिरत राहतं, स्विच सोडल्यावरही काही सेकंद, आणि नेमकं तेव्हाच माणूस ते मांडीजवळ टेकवतो.

आता वेग बघा. चार इंची मार्बल कटर मिनिटाला साधारण १२-१३ हजार फेरे मारतो, सात इंची सॉ पाच-साडेपाच हजार. ११० एमएम व्यासाचं ब्लेड १२ हजार फेऱ्यांनी फिरलं तर दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास येतो, १८५ एमएमचा साडेपाच हजारला १९० च्या आसपास. म्हणजे छोटं आणि हलकं दिसतं तेच जास्त जोरात जातं, वर ते एका हातात. म्हणून ब्लेडवर जो कमाल आरपीएम छापलेला असतो तो मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना हे वाचल्याशिवाय कुठलंही ब्लेड कशावरही चढवायचं नाही. आणि ग्राइंडरला (धातू घासायच्या हातमशीनला) लाकडाचं दातेरी ब्लेड लावायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा.

सॉ घ्या. ब्लेड कार्बाइड टिपचं (दातांच्या टोकाला कठीण कार्बाइड बसवलेलं), ४० दातांचं किंवा त्याच्या वर, प्लायला कड साफ येते. मशीनबरोबर येतं ते बहुतेक २४ दातांचं असतं, ते जाड फळ्या फाडायला.

पेठेतला_पुणेकर
आमचा मिस्त्री तीस वर्षं मार्बल कटरच वापरतोय, दहाही बोटं शाबूत आहेत. उगाच घाबरवू नका लोकांना. आणि एवढीच भीती असेल तर ते रीलमध्ये दाखवतात ते मशीन घ्या ना, सॉसेज लावलं की जागच्या जागी थांबतं.

टूलरूम_निवृत्त
तीस वर्षं हेल्मेट न घालता लक्ष्मी रोडवरून गाडी चालवणारेही आहेत की. सॉसेजवालं मशीन म्हणजे सॉस्टॉप, स्टीफन गॅस नावाच्या अमेरिकन माणसाची कल्पना. ब्लेडमध्ये हलका विद्युत सिग्नल सोडलेला असतो, अंगाचा स्पर्श झाला की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून ५ मिलीसेकंदांच्या आत त्याला थांबवतो. पण ती टेबल सॉ आहे, हातात धरायची नाही. आणि एकदा ब्रेक लागला की तो ठोकळा आणि बहुतेक वेळा ब्लेडही फेकायचं. यांना तीन शीट कापायच्या आहेत, कारखाना टाकायचा नाहीये.

रंधा_आणि_चहा
मशीनचं काकांनी सांगितलंच, मी शीट कशी ठेवायची ते सांगते, कारण नवशिक्यांना दणका बहुतेक तिथेच बसतो. सॉ मागे उडतो म्हणतात ना, तो बहुतेक वेळा फट मिटल्यामुळे उडतो. म्हणजे असं की शीट दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवली आणि मधोमध कापायला घेतलं, तर कट पुढे जाईल तशी शीट मधे खचते, फटीच्या दोन्ही कडा एकमेकींकडे येतात आणि ब्लेडला चिमटा बसतो. मोटार तर फिरवतेच आहे, ब्लेडला पुढे जाता येत नाही, मग अख्खं मशीनच वर येऊन तुमच्याकडे मागे येतं. चार-पाच किलोचं मशीन, ब्लेड फिरत असलेलं.

त्यामुळे स्टुलं विसरा, शीट जमिनीवरच कापा. १८ एमएमची आख्खी शीट तीस किलोच्या वर भरते, एकट्याने उचलाउचल करण्यातही अर्थ नाही. पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनच्या चार सरळ पट्ट्या घ्या, दीड इंच तरी जाड, शीटखाली कटाच्या रेघेला समांतर ठेवा. दोन पट्ट्या रेघेच्या या बाजूला दोन त्या बाजूला, म्हणजे कापून झाल्यावर दोन्ही तुकडे आपापल्या पट्ट्यांवर पडून राहतात, कोणी खचत नाही कोणी लटकत नाही. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा चार-पाच एमएमच जास्त, बास. पूर्ण ब्लेड खाली सोडून कापलं तर फरशीला लागेलच पण चिमटा बसायलाही जास्त पातं मिळतं. लांब कट असेल तर थोडं कापून झाल्यावर मशीन बंद करून, ब्लेड थांबू देऊन, मागच्या फटीत लाकडाची बारीक पाचर सारायची. काही मॉडेलला ब्लेडच्या मागे पातळ पत्र्याचं पातं असतं, ते हेच काम करतं. असेल तर काढू नका.

सरळ जायला ॲल्युमिनियमची पट्टी किंवा कारखान्यातली सरळ कड असलेला प्लायचा तुकडा दोन सी-क्लॅम्पने आवळून टाका आणि सॉचा पाया त्याला चिकटवून न्या. हाताने रेघ धरत गेलात की सॉ तिरका होतो, तिरका झाला की ब्लेड फटीत घासतं. आवाजाकडे लक्ष ठेवा, मोटारीचा सूर खाली यायला लागला, जळका वास आला की तिथेच स्विच सोडा, मशीन जागच्या जागी धरून ठेवा, ब्लेड पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढा. फिरतं ब्लेड मागे ओढायचं नाही, कधीच नाही. दोन्ही हात मशीनवर, आणि तुम्ही ब्लेडच्या रेषेत नाही तर जरा बाजूला, म्हणजे उडालाच तर तुमच्या शेजारून जाईल.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. वायर खांद्यावरून मागे टाका. नाहीतर कट अर्ध्यात येतो आणि मशीनचा प्लग आणि एक्स्टेंशनचा सॉकेट यांचा जो गठ्ठा असतो ना तो शीटच्या कडेला अडकतो, सॉ जागीच खेचला जातो, तुम्ही वैतागून हिसका देता आणि पट्टी सुटते.

हो, आणि चांगली बाजू खाली. या सॉचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात. सनमायका लावलेला असेल तर तर नक्कीच.

वायरमन_धायरी
पॉइंटबद्दल. १४०० वॉट भागिले २३० म्हणजे सहाच्या वरच अँपिअर झाले आणि सुरू होताना अजून जास्त ओढतं, म्हणून बाल्कनीतला सहाचा पॉइंट सोडा, किचन किंवा गिझरचा १६ वाला घ्या. एक्स्टेंशन टीव्हीवाला पातळ नको, तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड, त्याला दोन पिनच असतात, घाबरू नका. जुनं लोखंडी बॉडीचं असेल तर तिसरी पिन आणि अर्थिंग पाहिजेच.

घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघा, ३० मिलीअँपिअरचा. एमसीबी (जास्त लोड आला की पडतो तो स्विच) वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही, हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं ते दाबून बघा, खट्ट झालं नाही तर काम सुरू करू नका. पावसाळ्यात ओल्या बाल्कनीत तर नाहीच नाही.

आणि लाइट गेली तर. कट अर्ध्यात असताना महावितरणची कृपा झाली तर लोक मशीन तसंच ठेवून चहा प्यायला जातात. ग्राइंडरचा सरकता स्विच ऑनवरच राहिलेला असतो, काही मार्बल कटरलाही लॉकचं बटण असतं, आणि लाइट आली की ते जमिनीवर एकटंच धावत सुटतं. लाइट गेली की पहिल्यांदा प्लग काढायचा. ब्लेड बदलताना, खोली सेट करतानाही प्लग काढूनच, नुसता स्विच बंद करून नाही.

सिंहगडरोडवाला
बापरे, भरपूर मिळालं, धन्यवाद सगळ्यांना. सॉ फिक्स. हातमोजे कुठले घ्यावेत? आणि चष्मा नंबरचा आहे तो चालेल ना?

कॅज्युअल्टी_नाइट
फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे नकोत. मोज्याचं टोक दातात सापडलं की ते हात आत ओढतं. शीट उचलताना घाला, कापताना काढा. ओढणी, गळ्यातलं आयकार्ड, सैल बाही, मोकळे केस, कडं हेही सगळं तसंच. नंबरच्या चष्म्यावरून बसतो तो गॉगल मिळतो, बाजूने बंद असलेला, तो घ्या, चिरफळी बाजूनेच येते. कानाला मफ किंवा प्लग. पायात बूट, स्लिपर नको. मास्क कोरोनातले एन-९५ पडले असतील तर तेच लावा, रुमाल नको. लाकडाची बारीक धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच टाकलीय, आणि प्लाय-एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद वेगळा.

कापताना घरात दुसरं कोणीतरी असू द्या. लागलंच तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात वर, बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढायची आणि १०८ ला फोन. हळद, कॉफी पावडर भरून लोक येतात, आम्हाला ती आधी धूत बसावी लागते. बोट तुटलंच तर तो तुकडा ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकला तर पेशी मरतात आणि जोडायला काही उरत नाही.

पेठेतला_पुणेकर
एवढं वाचून मी तर खुर्चीवरसुद्धा जपून बसलोय. पण खरं सांगू का, तीन शीटसाठी एवढा खटाटोप कशाला? भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, ज्या दुकानात पॅनल सॉ (अख्खी शीट सरळ कापायचं मोठं मशीन) आहे तिथूनच प्लाय घ्या आणि मापं लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या. उभे लांब कट ते मारून देतात, कटामागे पैसे घेतात पण कड सुतात येते. शिवाय शीट लिफ्टमध्ये मावत नाही हा प्रश्नही मिटतो. घरी नेऊन फक्त आडवे छोटे कट मारा. तेही दुपारी २ ते ४ सोडून, सोसायटीचा ग्रुप पेटेल.

रंधा_आणि_चहा
याला मात्र पूर्ण अनुमोदन, मी स्वतः लांब कट दुकानातच मारून घेते. फक्त मापं देताना ब्लेडची जाडी धरा, प्रत्येक कटाला तीन-साडेतीन एमएम भुशात जातं. चार फूट म्हणजे १२२० एमएम, त्यात ३०० च्या चार पट्ट्या आरामात बसतात, ३०५ च्या चार बसत नाहीत. बरेच जण तिथेच फसतात आणि दुकानदाराशी भांडतात.

सिंहगडरोडवाला
म्हणजे रॅकची खोली ३०० धरतो. लांब पट्ट्या दुकानातून, फळ्या घरी. सॉसाठी ४० दातांचं ब्लेड वेगळं घेताना अजून काही बघायचं का?

टूलरूम_निवृत्त
मधलं भोक. मशीनबरोबर आलेलं ब्लेड खिशात घालून दुकानात जा आणि त्याच्यावर ठेवून बघा. रिंग घालून बसेल म्हणाला तर रिंग ब्लेड बनवणाऱ्याचीच आणि घट्ट बसणारी हवी, पत्र्याची वळवलेली नको. आणि बसवताना ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला.