जीव ‘ताजातवाना’ होतो की ‘निवतो’?

कसबाकर: आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागणाऱ्यांसाठी आमच्या चर्चची छोटी प्रार्थनापुस्तिका निघते आहे, तिचं मराठी मी करतेय. थकलेला जीव देवापाशी आला की त्याला धीर येतो, पुन्हा उभारी येते, हा तिचा गाभा. बायबलमधल्या मत्तयाच्या ‘मी तुम्हांला विसावा देईन’वरून मी ‘विसावा’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या मावशींनी तो खोडला. त्यांच्या गावी तिरडी अर्ध्या वाटेत टेकवतात, त्या जागेला विसावा म्हणतात. स्तोत्र २३ मधलं ‘तो माझा जीव ताजातवाना करतो’ मला झोप काढून उठल्यासारखं लागतं, रडून मोकळं झाल्यासारखं नाही. काय लिहू?

वाटसरू: विसावा अजिबात सोडू नका. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसा विश्रामचा विसावा. वारीत पालखी थोडा वेळ थांबते तो विसावा, रात्री राहते तो मुक्काम. विसाव्यानंतर पुढे चालायचं असतं. रात्र जागून सकाळी पुन्हा औषधं आणायला निघणाऱ्याला हाच शब्द हवा.

मायबोलीकर: ‘ताजातवाना’ मात्र नको. ताजा आणि तवाना, दोन्ही फारसी. प्रार्थनेत तरी मराठी असू द्या. शिवरायांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला नाही.

वाटसरू: तो कोश कारभारासाठी होता. आजार फारसी, आराम फारसी. आजाऱ्यासाठी प्रार्थना कशी करणार? आणि तवाना म्हणजे बळकट. खचलेल्याला बळ मिळावं, हा अर्थ त्यात आहेच.

केडगावची: माझी आजी रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, बायकांनाही समजावं म्हणून. आजी प्रार्थना करून उठली की म्हणायची, ‘जीव निवला.’ ताप उतरतो तसं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मला याच शब्दाने धरून ठेवलं. निवणं लिहा.

मायबोलीकर: याला माझं पूर्ण अनुमोदन. करुणाष्टकांत समर्थ ‘तळमळ निववी रे राम कारुण्यसिंधू’ म्हणतात.

कसबाकर: पण निवण्यात उभारी येते का? शांत होणं आलं, उठून कामाला लागणं कुठे आलं?

मायबोलीकर: आधी शांत तर होऊ द्या! बाकी वाटसरू, तुमचा मुक्कामही अरबी. वारकरी तळ म्हणतात.

वाटसरू: तळ जागेला, मुक्काम राहण्याला. पुण्यात माउली भवानी पेठेत पालखी विठोबापाशी, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. दोन्ही देवळं. तिथे तळ कोण म्हणतं?

मायबोलीकर: सासवडला म्हणतात. पालखीतळच आहे तिथे.