ऑनलाइन मुलाखत बघावीशी कशी वाटेल? तुमचे अनुभव लिहा

दोन चौकटी, दोन चेहरे, तासभर. पाहुणा मोठा, विषय चांगला, प्रश्नही बरे, तरी थोड्याच वेळात हात दुसऱ्या टॅबकडे जातो. गंमत अशी, की हीच मुलाखत घरकाम करताना नुसती कानावर पडली तर शेवटपर्यंत ऐकली जाते. म्हणजे बोलण्यात खोट नाही. चित्र आहे, पण त्यात बघण्यासारखं काही नाही.

अशा मुलाखती घेणारे, देणारे, कापणारे-जोडणारे आणि नुसत्या बघणारे, सगळ्यांनी लिहा. ‘चांगला कॅमेरा घ्या’ हा सल्ला कृपया नको. तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याने फारसं काही बदलत नाही. तुम्ही काय केलंत आणि त्याने काय झालं, तेवढं सांगा.

संकलन करणारी

माझ्याकडे मुलाखत येते तेव्हा तिचं खरं दुखणं असतं बोलण्यातलं अंतर. समोरासमोर बसलेल्या माणसांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला फार थोडा वेळ लागतो. दहा भाषांतल्या संभाषणांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी साधारण २०० मिलिसेकंद निघालं. कॉलवर मात्र आवाज पोचायलाच वेळ जातो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा, असं म्हटलंय. इंटरनेट जरा रुसलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग प्रत्येक प्रश्नानंतर पाहुणा क्षणभर पुतळ्यासारखा बसलेला दिसतो, आणि बघणाऱ्याला उगाच वाटतं की प्रश्न आवडलेला नाही.

म्हणून मी दोघांचं रेकॉर्डिंग आपापल्या यंत्रावर, वेगळ्या ट्रॅकवर मागते. मग मधली पोकळी कापता येते. पण सरसकट नाही. पाहुण्याचा चेहरा बघायचा. नजर पडद्यावर खिळलेली असेल तर तो आवाजाची वाट बघतोय, खुशाल कापा. नजर वर किंवा बाजूला गेली असेल तर तो विचार करतोय, ते ठेवा. चेहरा दाखवायचा तो याचसाठी. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असेल तर आधी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर करून घ्या, नाहीतर पुढे पुढे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे.

मुलाखती घेणारा

नजरेचा घोळ मला बराच काळ छळत होता. पाहुण्याकडे पाहावं तर प्रेक्षकांना माझ्या पापण्या दिसतात. कॅमेऱ्यात पाहावं तर पाहुण्याचा चेहरा दिसत नाही, मग पुढचा प्रश्न सुचणार कशावरून? माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी यावर ‘इंटरोट्रॉन’ नावाची जोडणी वापरली. टेलिप्रॉम्प्टरच्या (वाचायचा मजकूर लेन्सपुढे दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेवर, लेन्सच्या बरोबर पुढे, प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो. त्याच्याशी बोलणारा आपोआप थेट लेन्समध्ये बघतो. आपल्याला एवढा खटाटोप नको. कॉलची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवायची आणि लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवायचा. स्वतःचं चित्र लपवायचं, पाहुण्यालाही तेच सांगायचं. केस सावरणं थांबतं.

दुसरं, हुंकार. ‘हं’, ‘हो ना’, ‘अरे वा’ या गोष्टी समोरासमोर प्रेमाच्या असतात. कॉलवर दोघं एकाच वेळी बोलले की सॉफ्टवेअर बऱ्याचदा एकाचा आवाज दाबतं, आणि पाहुण्याचा नेमका हवा तो शब्द जातो. दोघांनी हेडफोन लावले की हे पुष्कळ कमी होतं. तरीही मी मान डोलावतो आणि तोंड मिटून बसतो.

पाहुणा म्हणून गेलेला (हाताने पुस्तकबांधणी करतो)

मला सहसा प्रश्नांची यादी आधी पाठवतात. मग मी उत्तरं घोकतो आणि कॅमेऱ्यापुढे ती म्हणून दाखवतो. मला स्वतःलाच ते बघवत नाही. एका मुलाखतकार बाईंनी यादी पाठवली नाही. फक्त म्हणाल्या, “बिघडलेलं एक पुस्तक हाताशी ठेवा.” मुलाखत सुरू झाल्यावर म्हणाल्या, “हे कुठे बिघडलंय, मला दिसत नाहीये.” मी ते उलगडून दाखवायला लागलो आणि कॅमेरा विसरलो. शिवण कुठे सुटली, डिंकाने कागद कसा कडक झाला, सगळं हातांनी सांगितलं.

त्यांनी माझ्याच मोबाइलला दुसरा सहभागी म्हणून कॉलवर घ्यायला लावलं होतं आणि तो टेबलावर वरून रोखलेला होता. त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायचे, नाहीतर कानठळ्या बसतात. बोलणं चालू असताना माझे हात दिसत राहिले. ज्यांना बांधणीत काही रस नव्हता अशा लोकांनीही ती मुलाखत पूर्ण पाहिल्याचं मला सांगितलं.

फक्त बघणारी

मला कमी ऐकू येतं. मी ओठ आणि कॅप्शन दोन्ही वाचते. त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा होतो आणि ओठ दिसत नाहीत, तर खिडकीकडे तोंड करून बसा. माइक तोंडापुढे धरू नका. पाहुण्याच्या नावाची पट्टी खाली कायम चिकटवून ठेवू नका, कॅप्शन नेमकी तिच्यावर येते. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनमध्ये विशेषनामांची दुर्दशा होते, निदान तेवढी हाताने दुरुस्त करा. ऐकू येणारे लोकही आवाज बंद करून बरंच काही बघतात, हे लक्षात असू द्या.

आणखी एक बघणारा

बोलण्याखाली संगीत नको. दुःखाचं बोलणं आलं की पियानो नको. उडत येणारी अक्षरं नकोत. बस.

थेट प्रक्षेपण सांभाळणारा

लाइव्हमध्ये प्रेक्षकांचे प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत कोंबतात, तोवर विचारणारे निघून गेलेले असतात. मधेच घ्यावेत म्हटलं तर वेगळीच पंचाईत. चित्र प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, ते टाइप करणार, तोवर इथे विषय बदललेला. यूट्यूबवर कमी विलंबाचा पर्याय आहे, पण प्रेक्षकाचं इंटरनेट यथातथा असेल तर तो अडखळतो. आम्ही पुढचा विषय आधीच जाहीर करायला लागलो: “यानंतर आपण अपयशाबद्दल बोलणार आहोत, काही विचारायचं असेल तर आत्ताच लिहा.” प्रश्न वेळेवर येतात. ते निवडायला वेगळा माणूस लागतो. मुलाखतकाराने स्वतः चॅट वाचायला घेतलं की पाहुण्याला लगेच कळतं, आणि तो आवरतं घेतो.

चॅनेल चालवणारी

प्रेक्षक कुठे सोडून गेले ते दाखवणाऱ्या आलेखात उतार नेहमी सुरुवातीलाच दिसतो, जिथे आम्ही पाहुण्यांच्या पदव्या वाचून दाखवायचो. आता पहिलंच वाक्य प्रश्नाचं असतं आणि ओळख बोलण्याच्या ओघात येते. लांब मुलाखतीला प्रकरणं पाडते. त्यासाठी यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात वेळा लिहायच्या; पहिली वेळ ०:०० लागते, किमान तीन नोंदी लागतात आणि प्रत्येक प्रकरण निदान १० सेकंदांचं असावं लागतं. प्रकरणाला ‘बालपण’ असं नाव दिलं की कुणी फिरकत नाही. ‘शाळा का सोडली’ दिलं की लोक थेट तिथे जातात. मधलं चटकदार वाक्य उचलून आधी दाखवायची पद्धत मात्र मी सोडली. ते वाक्य येऊन गेलं की माणसं उठून जातात.

संकलन करणारी (पुन्हा)

शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध. आधी दाखवायचं ते अर्धवट दाखवा. उत्तर नको, उत्तराच्या आधीचं हसू किंवा “नको, ते सांगत नाही” एवढंच.

ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवणारी

माझे बहुतेक पाहुणे ऐंशीच्या पुढचे असतात. लॅपटॉपशी बोला म्हटलं की आवाज सपाट होतो, हात मांडीवर गोठतात. त्यावर एकच उपाय लागू पडला: घरातलं कुणीतरी कॅमेऱ्याच्या अगदी मागे बसवायचं. प्रश्न मी विचारते, गोष्ट त्या माणसाला सांगितली जाते. नजर लेन्सजवळ राहते, हात हलायला लागतात. बसणाऱ्याला आधीच बजावायचं, हसू आलं तर हसा, पण मधे बोलू नका. मुलीसुना पाळतात. नातवंडांना मात्र, आजीचं साल चुकलं की राहवत नाही.