इतिहासात फलटण तुमचं, मग नकाशात का नाही?

माणदेशी_बिगारी (धागाकर्ता)
काल जिल्ह्याच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत होती, 'सातारा लोकसभा : गादीचा आणि विचारांचा मतदारसंघ'. सगळं ठीक चाललं होतं. शेवटाकडं लिहिलंय, "२००८ च्या पुनर्रचनेत दुष्काळी भाग माढ्याकडं गेला आणि साताऱ्याचं राजकारण सुटसुटीत झालं." वाचून जी सणक गेली ती अजून उतरली नाही.

सुटसुटीत? आम्ही काय माळ्यावरची अडगळ होतो? वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा हे सहा साताऱ्याच्या खासदाराला. माण आणि फलटण मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, माढा, सांगोला, माळशिरसच्या पंगतीला. कलेक्टर साताऱ्याचा, झेडपी साताऱ्याची, खासदार तेवढा माढ्याचा. २००९ पासून मी माढ्यासाठी मतदान करतोय. माढा गाव अजून पाहिलेलं नाही.

आणि त्याच पोस्टमध्ये १९९६ चा पराक्रम रंगवून सांगितलाय, काँग्रेसच्या बालेकिल्ल्यात शिवसेनेचा खासदार! अहो, ते हिंदुराव नाईक-निंबाळकर फलटणचे. मिरवायला फलटण पाहिजे, मोजायला नको.

राजवाडा_चौपाटी
ती पोस्ट माझी आहे, त्यामुळं उत्तर द्यायला मीच येतो. 'अडगळ' हा शब्द तुमचा, माझा नाही.

राज्यात आमदार २८८, खासदार ४८. भागाकार करा. प्रत्येक लोकसभेला सहा विधानसभा, सगळीकडं तेच. जिल्ह्यात आठ आहेत, सहा गेल्यावर दोन उरणारच. कडेचे दोन उरले. मधलं कोरेगाव काढून दिलं असतं म्हणजे बरं झालं असतं का? हद्दी आखणाऱ्या कुलदीप सिंग आयोगाचं माणदेशाशी काय वैर होतं? २००१ ची जनगणना धरली, माणसं पुण्या-ठाण्याकडं वाढलेली, आपल्या जिल्ह्याचे दहाचे आठ झाले. जावळी मतदारसंघच पुसला गेला, माझं आजोळ आहे तिथं. आम्ही रडत बसलो नाही.

जुना_कराडकर
तुमचा एक आमदार गेला त्याचं कौतुक सांगताय? आमची अख्खी लोकसभा गेली! दाजीसाहेब चव्हाण, मग प्रेमलाकाकी, मग पृथ्वीराजबाबा, एका घरातले तीन खासदार. मधे १९८० ला यशवंतराव मोहिते. शेवटी १९९९ आणि २००४ ला श्रीनिवास पाटील. २००९ ला यादीत बघतो तर कराड नावच नाही. आता पोराला सांगावं लागतं की बाबा, कराडला खासदार असायचा.

आणि चौपाटीवाले, पोस्टमध्ये तुम्ही ठोकून दिलंय की यशवंतराव चव्हाण १९६२ ला संरक्षणमंत्री झाले ते साताऱ्याचे खासदार म्हणून. साफ चूक. तेव्हा साताऱ्याचे खासदार किसन वीर होते. यशवंतराव १९६३ ला नाशिकमधून बिनविरोध गेले, साताऱ्यातून १९६७ पासून. गादीचा इतिहास लिहायचा तर आधी वाचायचा.

राजवाडा_चौपाटी
नाशिकचं मान्य, दुरुस्त करतो. बाकी पोस्टला हात लावणार नाही.

खटाव_तीन_तुकडे
माण-फलटण निदान अखंड तरी गेले. आमच्या तालुक्याचं तर लग्नातल्या जेवणासारखं वाढप झालं. पुसेगाव कोरेगावात, पुसेसावळी कराड उत्तरेत, वडूज माणमध्ये. एक तालुका, तीन आमदार, दोन खासदार.

माझीच गोष्ट सांगतो. वडिलांचं ऑपरेशन होतं. पंतप्रधान सहायता निधीच्या अर्जाला खासदाराचं पत्र जोडायचं होतं. जिल्ह्याच्या गावी, साताऱ्याच्या खासदाराच्या ऑफिसात गेलो, फाईल टेबलावर ठेवली. समोरच्या माणसानं आधार कार्ड उलटंपालटं करून बघितलं, वरचं गाव वाचलं आणि फाईल हळूच परत माझ्याकडं सरकवली. "तुमचं गाव आमच्यात येत नाही, दादा." त्याची चूक नाही, नियमानं बरोबरच होता. पण माझी मावशी पुसेसावळीला दिली आहे, तिचं गाव त्यांच्यात येतं. फाईल काखेत मारून मी स्टँडवर आलो आणि पाऊण तास अकलूजच्या, म्हणजे माढ्याच्या खासदाराच्या गावच्या गाडीचा बोर्ड शोधत बसलो.

नीराकाठ
फलटणचा आहे म्हणून बोलतो. आम्हाला माढा मानवलाय. २००९ ला पवारसाहेब स्वतः आमचे खासदार होते. २०१९ ला रणजितसिंह नाईक-निंबाळकर, म्हणजे माढ्याचा खासदार फलटणचा! बापाला साताऱ्यानं दिल्लीला पाठवलं, लेकाला माढ्यानं. साताऱ्यात राहिलो असतो तर सातारा-कराडच्या ओढाताणीत आम्हाला कुणी कुत्र्यानं विचारलं नसतं.

माणदेशी_बिगारी
तुमचं पोट भरलेलं आहे अण्णा, नीरेचा कालवा इंग्रजांच्या काळापासून दारात. आमच्याकडं उरमोडी धरणाचं पाणी आलं, जिहे-कठापूर योजनेचं आंधळी धरणात आलं, पण त्याआधी किती निवडणुका गेल्या ते मोजा. आणि हे सगळं पाणी सातारा जिल्ह्यातल्या नद्यांचं. पाण्यासाठी भांडायचं साताऱ्यात, मत द्यायचं माढ्यात.

सिद्धनाथाच्या_पायरीवरून
माण तालुक्यातलाच म्हसवडकर बोलतोय. बिगारीशेठ, तुमचं दहिवडीचं गणित सगळ्या तालुक्याला लावू नका. आम्हाला सातारा लांब, अकलूज जवळ. दवाखाना अकलूजला, लग्नाचा बस्ता अकलूजला.

माणदेशी_बिगारी
बस्ता बांधायला जाणं वेगळं, खासदार वाटून घेणं वेगळं.

वाळव्याचा_गडी
तुम्ही सातारकर सगळं जग शिवथरघळीपर्यंतच धरता. सांगलीचं गणित सेम आहे. आठ विधानसभा, सहा सांगलीला, उरलेले इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगलेत, इचलकरंजी-शिरोळबरोबर. आम्ही धागे काढत नाही, ऊस तोडतो.

आणि गादीवाल्यांनो, १९५७ ला सातारकरांनी क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं. ते कुठले? येडेमच्छिंद्रचे, आमच्या वाळवा तालुक्यातले. पुढं १९६७ ला बीडनं पाठवलं. बीडवाल्यांनी विचारलं का, "तुमचं गाव आमच्यात येतं का?" आणि तुमचे यशवंतराव जन्माने देवराष्ट्र्याचे, ते आज सांगली लोकसभेत. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तुमचा निम्मा इतिहास आमच्या शिवारात पडलाय. न्यायला या.

राजवाडा_चौपाटी
शिवथरघळ रायगड जिल्ह्यात येते. आधी ते बघा.

वाळव्याचा_गडी
तेच म्हणतोय, तुमची नजर तुमच्या हद्दीबाहेरही जाते, आमच्याकडं मात्र येत नाही. 😄

जुना_कराडकर
हद्दी-बिद्दी सोडा हो. साताऱ्याचा २०२४ चा निकाल हद्दीनं नाही, पिपाणीनं लावला, पवारांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' चिन्हासारख्या दिसणाऱ्या चिन्हानं. फरक ३२ हजार ७७१. पिपाणीवाल्या अपक्षाला मतं ३७ हजारांवर. आता बोला.

राजवाडा_चौपाटी
आलं का पुन्हा तेच! दोन वर्षं झाली, रडीचा डाव संपेना. उदयनराजे निवडून आले, विषय संपला. सगळी पिपाणीची मतं तुतारीवाल्या शशिकांत शिंद्यांचीच होती हे तुम्हाला मशीननं कानात सांगितलं का?

जुना_कराडकर
मशीननं नाही, आमच्या आजीनं सांगितलं. वय ८४. मतदान करून आली, बोटाची शाई दाखवत ओट्यावर बसली. म्हटलं, "आजी, दाबलं का बरोबर?" म्हणाली, "तुतारीलाच दाबलं की." म्हटलं, "वाजवणारा माणूस होता ना चित्रात?" तर म्हणते, "माणूस कशाला पाहिजे? नुसतीच होती, चांगली मोठी." मी जेवलो नाही त्या दिवशी.

राजवाडा_चौपाटी
एका आजीवर ३७ हजार मतं? पवारांच्या १८ ऑक्टोबर २०१९ च्या पावसातल्या सभेवर तुम्ही सात वर्षं काढली, आता आजीवर काढा.

जुना_कराडकर
आजीवर जाऊ नका, सांगून ठेवतो. पावसातल्या सभेनं पोटनिवडणुकीत कराड-पाटणचा माणूस, श्रीनिवास पाटील, साताऱ्यातून खासदार केला. तुम्हाला अजून ते टोचतंय.

नीराकाठ
माढ्यातही पिपाणीनं ५० हजारांवर मतं खाल्ली, तरी धैर्यशील मोहिते-पाटील लाखावर फरकानं आले. वारं असलं की पिपाणी वाजत नाही. आणि मी हे आमच्या फलटणच्या उमेदवाराच्या पराभवाबद्दल बोलतोय, म्हणजे बघा.

वाळव्याचा_गडी
चिन्हावर हरलो म्हणणाऱ्यांनी सांगलीचा लिफाफा बघावा. विशाल पाटलांना तिकीट नाही, पक्ष नाही, चिन्ह लिफाफा, आणि १ लाख ५३ मतांनी निवडून आले. लोकांना द्यायचं असलं की बरोबर सापडतं चिन्ह. फक्त आम्हाला ते मत देता आलं नाही, कारण आम्ही हातकणंगलेत. मेहुणा सांगलीत राहतो, तो गुलालात न्हाऊन घरी आला. मी इकडं टीव्ही बघत बसलो होतो.

माणदेशी_बिगारी
म्हणजे बघा, शेवटी तुम्हालाही टोचलंच की!

वाळव्याचा_गडी
जरा टोचलं. लई नाही.

खटाव_तीन_तुकडे
पिपाणी वाजवून झाली असेल तर मुद्द्यावर या. पुढची जनगणना २०२७ ची आहे, त्यानंतर पुन्हा हद्दी आखायला घेतील. त्यावेळी मसुद्यावर हरकती मागवतात. २००८ च्या वेळी आमच्या गावातून एक तरी हरकत गेली होती का? मी तेव्हा कॉलेजला होतो, मला ठाऊकसुद्धा नव्हतं. गाव नकाशावरून हललं ते मतदानाच्या दिवशी कळलं.

राजवाडा_चौपाटी
हे मात्र खरं. पण लक्षात ठेवा, लोकसंख्या पुण्याचीच वाढली असणार. आठाचे सात झाले तर कोण उरणार ते आधी ठरवा. पोस्टमधलं 'सुटसुटीत' काढून 'आटोपशीर' केलंय. एवढंच मिळेल.

माणदेशी_बिगारी
आटोपशीर! म्हणजे आम्हाला आटोपलं. ठेवा, ठेवा. हरकतीचा अर्ज मी लिहितो, खटावकर तुम्ही तीन प्रती काढा, एकेक आमदाराला.

सिद्धनाथाच्या_पायरीवरून
म्हसवडची सही धरू नका. आम्ही अकलूजला चाललोय, बस्ता आहे.