तालमीतल्या पोर्ट्रेटसाठी मीडियम फॉरमॅट घ्यावा का?

प्रश्न: कोल्हापुरातल्या तालमींत पैलवानांचे पोर्ट्रेट काढायचे आहेत. सध्या फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) कॅमेरा आणि ८५ एमएम एफ/१.८ लेन्स आहे. मीडियम फॉरमॅट, म्हणजे याहून मोठ्या फिल्मचा किंवा सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा तर जुना फिल्मवाला मामिया आरबी६७ की फुजीचा डिजिटल जीएफएक्स? पार्श्वभूमी जास्त धूसर होईल ना?

उत्तर १: भावा, नुसत्या धूसरपणासाठी घेणार असशील तर पैसे वाचव. जीएफएक्सवर ११० एमएम एफ/२ म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण ८७ एमएम एफ/१.६. तुझ्या लेन्सपेक्षा जेमतेम फरक. शिवाय जीएफएक्सचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश जुळतो तो सर्वात जास्त शटर वेग, १/१२५ सेकंदापर्यंतच. भर उन्हात लेन्स पूर्ण उघडी ठेवून फ्लॅश वापरायचा तर बहुतेक एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लागणार.

उत्तर २: आरबीचा शटर लेन्समध्येच असतो, त्यामुळे १/४०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळतो. १२० च्या (मीडियम फॉरमॅटच्या) फिल्म रोलवर १० फ्रेम. फक्त चेहरा घ्यायला १८० एमएम बरी, पण जवळून फोकस करायला बेलो (लेन्स पुढे सरकवणारा घडीचा भाता) पूर्ण ४६ एमएम बाहेर काढला की (२२६÷१८०)² = १.५८, म्हणजे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) प्रकाश वाढवायचा. हे विसरलं की निगेटिव्ह पातळ येते, आणि मग दोष लॅबला! ट्रायपॉड हवाच, धूड अडीच किलोच्या वर आहे.

उत्तर ३: घेण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघ. मागच्या बाजूचा, प्रकाश अडवणारा फोम चिकट झाला असेल तर प्रकाश शिरतो. तो बदलता येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात ठेव, आत सिलिका जेल. आणि आखाड्याच्या तांबड्या मातीत रोल बदलू नकोस, बाहेर ये.